प्याल्यात पाणी कुठून आलं

थेस्सालोनिकी, दिस्त्रोस महिन्याची चौथी

झोइलोस,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, निकालच तो. 'आईने शेवटच्या घटकेला माझ्या हातचा द्राक्षारसाचा प्याला नाकारला, म्हणजे प्रभूलाच नाकारलं, म्हणून तिचं नाव मृतांच्या प्रार्थनेत घेता येत नाही.' आणि खाली तुझं नाव, त्याखाली 'बेरोयाच्या मंडळीचा वडील'. अरे, मी तुझी थोरली बहीण. तुझं नाक मी पुसलंय. मला हुद्दा कशाला दाखवतोस?

आईला जाऊन वर्ष होत आलं. वल्हांडण सणाच्या पहाटे वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातील. त्यात आपल्या गल्लीतल्या सुताराचं नाव असेल, आणि तो कसा होता ते तुलाही ठाऊक आहे. आईचं नसेल. एकदा राहिलं की राहिलंच, पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीचे.

मी इथल्या मंडळीच्या अध्यक्षांकडे गेले होते. त्यांनी मला बसवलं, अंजीर दिलं, आणि म्हणाले, "अम्मियाबाई, माझ्या मनात काही नाही हो. पण झोइलोस साक्षीदार आहे, श्रद्धेसाठी मार खाल्लेला. एवढ्याशा वयात पाठ फोडून घेतली पोराने, पण मंडळीचं नाव घेतलं नाही. त्याने स्वतः पाहिलं, स्वतः सांगितलं. त्याच्या शब्दापुढे मी कसा जाऊ?" म्हणजे गाठ तुझ्याकडेच आहे. तू शब्द मागे घेतलास तर आई आत, नाहीतर बाहेर.

मला भांडायचं नाही. मागच्या वेळी भांडले तेव्हा तू जेवण टाकून उठलास आणि बेरोयाला जाऊन राहिलास, माझी मसुराची आमटी तशीच राहिली. मला फक्त एक गोष्ट कळत नाही आणि ती डोक्यातून जात नाही. हे पाणी आलं कुठून? सगळ्या जगातल्या मंडळ्या पहाटेच्या प्रार्थनेत प्रभूचा प्याला म्हणून द्राक्षारस घेतात. आपल्याकडच्या निम्म्या बायकाच पाणी का घेतात? आईही घ्यायची. तू लिहितोस, पूर्वेकडच्या पाखंड्यांनी आणलं. कोणी आणलं, कधी? मी विचारणार आहे सगळ्यांना. भट्टी पेटली की दिवसभर दुकानात माणसं येतातच, तोंड काय फक्त पाव मागायला दिलंय का.

अम्मिया


थेस्सालोनिकी, दिस्त्रोस महिन्याची पंधरावी

झोइलोस,

ऐक आता. मजा आहे.

पहिली फिलिस्ता. पाणीवाल्यांची ती पुढारीणच, तुला माहीत आहे, बोलायला लागली की समोरच्याने स्टूल घेऊन बसावं. ती म्हणाली, "वाळवंटात देवाच्या लोकांना तहान लागली तेव्हा खडकातून काय निघालं? द्राक्षारस निघाला का? पाणी निघालं. आणि तो खडक म्हणजे कोण? प्रभूच की." मी म्हटलं, बरोबर आहे बाई. मग तिची जाऊ म्हणाली, तसं नाही, द्राक्षवेल सापाने, म्हणजे सैतानाने, लावली, म्हणून तिला सापासारखेच वेढे असतात. मी म्हटलं, काकडीच्या वेलालाही असतात. त्यावर ती पावाचे पैसे टाकून निघून गेली, आता चार दिवस पलीकडच्या भट्टीवर जाईल.

मग तुझ्या बाजूच्या कातडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "प्रभूने प्याला उचलला तेव्हा त्यात काय होतं ते लिहिलेलं आहे. विषय संपला." तेही बरोबर. दोघांचंही बरोबर असलं की मला फार अडचण होते बाबा. एक कोणीतरी मूर्ख निघालं असतं तर मी रात्री झोपले तरी असते.

पण एक सापडलं. तुझा तो पूर्वेकडचा पाखंडी खरंच आला होता. सिरियाचा माणूस, दाढी छातीपर्यंत, महिनाभर फिलिस्ताच्या सासऱ्याकडे राहिला. खडक त्याचा, सापही त्याचाच. पण मी फिलिस्ताला विचारलं, "तो आला तेव्हा तुम्ही काय घेत होता?" तर म्हणाली, "पाणीच की. सासूबाईही पाणीच घ्यायच्या. म्हणून तर त्याचं बोलणं इतकं पटलं."

बघ म्हणजे. तो यायच्या आधीच प्याल्यात पाणी होतं. त्याने फक्त कारण पुरवलं. मी विचारलं, "मग आधी काय कारण होतं?" फिलिस्ता हातातला पाव उलटसुलट करून बघायला लागली. म्हणाली, "आधी नुसतीच चाल होती गं. कोणी विचारलं तर लाज वाटायची सांगायला."

लाज कसली, ते काही सांगेना. पीठ मळताना मी तेच घोळवत बसले आणि मीठ घालायला विसरले. त्या दिवशीचा सगळा पाव अळणी, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या मी तुझ्या खाती मांडल्या.

अम्मिया


थेस्सालोनिकी, दिस्त्रोस संपताना

झोइलोस,

खेचरवाल्याने तुझा निरोप दिला: 'चौकशा थांबव. श्रद्धेच्या गोष्टी बाजारात विचारायच्या नसतात.' मग कुठे विचारायच्या? श्रद्धा ठेवणारे सगळे बाजारातच भेटतात. आणि तू एवढा का चिडलास, हेही आता मला जाणून घ्यायचंय.

रविवारी मी प्रार्थनेत लक्ष दिलं नाही, देव क्षमा करो. मी माणसं बघत होते. कोण कुठला प्याला घेतं आणि तिथून उठून कुठे जातं. द्राक्षारस घेतो कातडीवाला, तो आपल्या कातडीच्या हौदांकडे जातो. गोदीवरचे हमाल द्राक्षारस घेतात. कापडवाला घेतो, स्वतःचं दुकान स्वतः उघडतो. मी घेते, माझी भट्टी माझी. आणि पाणी घेतात त्या दाया, स्वयंपाकिणी, वेणीफणी करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. बहुतेक गुलाम, उरलेल्या कालपरवा सुटलेल्या. प्रार्थना संपली की पदर डोक्यावर घेऊन त्या मोठ्या घरांच्या मागच्या दारांनी आत शिरतात. खडक, साप सगळं बाजूला ठेव. स्वतःचं दार उघडणारे द्राक्षारसवाले, आणि दुसऱ्याच्या दारात उभे राहणारे पाणीवाले. मला हे दिसलं तेव्हा मी शेजारणीला कोपर मारलं, तिला वाटलं मला भोवळ आली.

मग मी मिर्तिसला गाठलं. आपण जिथे जन्मलो त्याच घरात ती आता मालकिणीची वेणी घालते. पोरगी गोड आहे, बोलते मात्र जपून. तिला तिळाचा पाव दिला आणि विचारलं, "मिर्तिस, तू पाणी का घेतेस गं?"

"खडकातून पाणी निघालं म्हणून," पाठ म्हणून दाखवल्यासारखी म्हणाली.

"ते फिलिस्ताचं झालं. तुझं सांग."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "अम्मियामावशी, आमच्या दारावर तोंड हुंगतात."

"काय करतात?"

"सकाळी आत येताना कारभारी म्हणतो, आ कर. आणि नाक जवळ आणतो. दारूचा वास आला तर विचारतो, कुठे प्यालीस? तळघरातली म्हणावं तर चोर. तळघरातली नाही म्हणावं तर मग एवढ्या पहाटे कुठे गेली होतीस? मग काय सांगू, ख्रिस्ती आहे म्हणून? मागच्या मालकाच्या वेळी एकीने सांगितलं होतं. तिला खाणीवर विकली."

तू द्राक्षारस म्हणतोस, तो कारभारी दारू म्हणतो. तोंडाला वास एकच येतो झोइलोस. ही एवढीशी गोष्ट आहे आणि आपण तिच्यावर दोन मंडळ्या उभ्या केल्या. फिलिस्ताला लाज कसली वाटायची ते मला आता कळलं. 'मार बसेल म्हणून पाणी घेतो' असं सांगायला कोणाला आवडेल? सिरियावाल्याने खडक दिला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं असेल. भीती म्हणण्यापेक्षा धर्म म्हटलेलं बरं.

आणि तुझंही मला कळलं, निदान थोडं. मालकाच्या मृत्युपत्राने आपण तिघं सुटलो त्या दिवशी तू काय केलंस आठवतं? भर सकाळी चौकात उभा राहून प्यालास, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर श्वास सोडत होतास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण तुला सुटका म्हणजे तेवढंच वाटलं होतं ना, की आता आपलं तोंड कोणी हुंगणार नाही? म्हणून तुला प्याल्यात पाणी दिसलं की अंगाला आग लागते. मी चुकत असेन तर सांग.

आईला सुटल्यावर मी विचारलं होतं, आता तरी द्राक्षारस घे की. ती म्हणाली, "बाकीच्या बायका पाणी घेतात आणि मी एकटीच मालकिणीसारखी लाल तोंड करून बसू?" मी तेव्हा सोडून दिलं. आता विचारावंसं वाटतं, पण कोणाला विचारू.

अजून एक राहिलंय. हुंगायची ही रीत कधी सुरू झाली? मिर्तिस म्हणते, आधीपासूनच. पण मी दहा वर्षांची होईपर्यंत त्या घरात होते, मग मला मळ्यावर पाठवलं, आणि मला कोणी कधी आ करायला लावलेलं आठवत नाही.

अम्मिया


थेस्सालोनिकी, झांथिकोस महिन्याची नववी

झोइलोस,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच.

एपिगोनोस आठवतो ना, आपल्या वेळचा कारभारी? जिवंत आहे. सुटका झाली, दात गेले, आता माझ्याकडे मऊ पाव घ्यायला येतो. आपल्या देवाची त्याला गंमत वाटते, बाकी माणूस वाईट नाही, निदान आता नाही. परवा मी त्याला आत बसवून कोमट पाण्यात पाव बुडवून दिला आणि विचारलं, "काका, दारावर तोंड हुंगायचं तुम्ही कधीपासून सुरू केलंत?"

"तुझ्या भावापासून," तो म्हणाला.

मला वाटलं, आता तो साक्षीदाराची गोष्ट सांगणार. मीच सुरुवात करून दिली, की पोरगा पहाटेच्या प्रार्थनेहून आला, तोंडाला प्याल्याचा वास, तुम्ही विचारलंत कुठे प्यालास, आणि त्याने तोंड उघडलं नाही.

म्हातारा हसून हसून खोकायला लागला. "तोंड उघडलं नाही? अगं, पहिला फटका पडायच्या आधीच बोलला. तळघरात गेला होता. जमिनीत पुरलेला मोठा रांजण, त्यात बोरूची नळी घालून ओढली होती, पोट फुगेपर्यंत. रांजणाजवळच झोपलेला सापडला. मग मालक मला म्हणाले, आता पोरंही चोरायला लागली, उद्यापासून सगळ्यांची तोंडं बघत जा. ते बघून बाकीच्या मोठ्या घरांनीही तीच रीत उचलली. माझं एक काम वाढवून ठेवलं त्याने. रोज सकाळी चाळीस तोंडं हुंगायची म्हणजे काय असतं, तुला सांगतो, लसूण खाणाऱ्यांची तर..."

लसणाचं पुढचं मी ऐकलं नाही.

आधी मला राग आला. मग रडू आलं. मग खरं सांगते, हसूही आलं. तू रांजणाजवळ झोपलास म्हणून दारावर हुंगायला लागले. हुंगायला लागले म्हणून बायकांनी प्याल्यात पाणी घातलं. पाण्याला कारण हवं म्हणून सिरियावाल्याचा खडक आला. खडक आला म्हणून तुम्ही त्यांना पाखंडी म्हणालात. आणि पाखंडी म्हणालात म्हणून आपली आई बाहेर. हे पाणी कोणी आणलं असं तू मला विचारलं नव्हतंस, मीच विचारत होते. तू मला थांबवत होतास. तुला ठाऊक होतं.

तू मंडळीला खोटं सांगितलंस असं मी म्हणत नाही. तू आठ वर्षांचा होतास. बायकांनी पाठ पाहिली, बाकीची गोष्ट त्यांनीच तयार केली असेल, आणि तू गप्प राहिलास. गप्प राहिलं की लोक साक्षीदार म्हणतात. पुढे मोठा झाल्यावर सांगायला तोंड राहिलं नसेल. मला ते समजतं.

पण आईच्या शेवटच्या रात्रीचं माझ्याकडून समजून घे. तू प्याला तिच्या ओठांशी नेलास, तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "नको, वास येईल." तू सगळ्यांना सांगितलंस, ती प्रभूच्या रक्ताला वास मारतो म्हणाली. मी पायाशी बसले होते. ती तुझ्याकडे बघत होती रे. तापात होती, तिला वाटत होतं आपण अजून त्याच घरात आहोत आणि तू लहान आहेस. प्याला तुझ्या हातात होता. ती स्वतःच्या तोंडाचं बोलतच नव्हती. तुझ्या तोंडाला वास येईल म्हणत होती. तिने प्रभूला नाकारलं नाही, तिने तुझा मार चुकवला.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी सांगितलं तर ती चुगली होईल. एपिगोनोसलाही म्हटलं, काका, हे तुमच्याजवळच राहू दे, त्याला रोज एक पाव फुकट द्यायचं ठरलंय. पण साक्षीदाराच्या शब्दाने आई बाहेर गेली आहे, आणि तो शब्द तसाच ठेवून तिला आत आणता येत नाही, एवढं मला दिसतं. तू साक्षीदार राहिलास तर तिचं नाव नाही. तिचं नाव हवं तर तुझं साक्षीदारपण जाईल, आणि कदाचित वडीलपणही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

वल्हांडणाला बारा दिवस आहेत. बेरोयाहून यायला दोन पुरतात.

ताई


थेस्सालोनिकी, आर्तेमिसिओस महिन्याची दुसरी

झोइलोस,

तू थांबला नाहीस. बोललास आणि दारातून बाहेर पडलास, खेचर बांधलेलंच होतं म्हणे. म्हणून पुढे काय झालं ते लिहिते.

तू सगळ्यांसमोर, "मी प्रभूसाठी मार खाल्ला नाही, मालकाची दारू चोरली म्हणून खाल्ला. दारावर हुंगतात ते माझ्यामुळे. माझ्या आईबद्दल मी बोललो ते मागे घेतो," एवढं म्हणून गेलास. मग फिलिस्ताची जाऊ मोठ्यांदा कुजबुजली, "कसली दारू? कोणाची?" तिला ऐकू कमी येतं. तिला समजावण्यात अर्धी मंडळी गुंतली, आणि म्हणूनच सगळ्यांचा श्वास सुटला असं मला वाटतं.

अध्यक्षांनी नावं वाचली. सुतार झाला. आणि मग, 'हेदिस्ते, झोइलोस आणि अम्मियाची आई'. तू बाहेर वेशीपर्यंत पोचला असशील तेव्हा.

आता प्याल्याचं. तुला वाटलं असेल, खरं कळल्यावर भांडण मिटलं असेल. छे. फिलिस्ता म्हणते, पोराने चोरी केली असेल नाहीतर काही केलं असेल, खडकातून निघालं ते पाणीच. कातडीवाला म्हणतो, बघा, पाण्याच्या मुळाशी चोरी आहे. दोघंही पूर्वीपेक्षा जोरात आहेत. मिर्तिसने मात्र सरळ अध्यक्षांना विचारलं, "ते सगळं खरं, पण उद्या सकाळी माझं तोंड हुंगणारच. मी काय घेऊ?" अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, प्याल्याकडे पाहिलं, आणि दोन थेंब द्राक्षारस पडलेला पाण्याचा प्याला तिला दिला. दोन थेंबांना वास येत नाही. यावर आता नवीन भांडण सुरू झालंय, थेंब किती ते. मी त्यात पडणार नाही, निदान पडणार नाही असं ठरवलंय.

बेरोयाच्या लोकांनी तुला वडीलपणावरून काढलं हे खेचरवाल्याकडून कळलं. वाईट वाटलं. अभिमानही वाटला, तो कोणाला दाखवावा कळत नाही म्हणून तुला लिहिते.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. मुद्दाम नव्हती लिहिली. ती गोष्ट कळली असती तर तू तिच्यामुळेच आला असतास, की लाजेने आलाच नसतास, हे मला ठरवता येईना. आणि तू आपला आपण यावंस असं मला वाटत होतं.

लसणाचं संपवून एपिगोनोस पुढे बोलला होता. तुला मारलं त्याच संध्याकाळी आई त्याच्याकडे गेली होती. बायका तोवर बोलायला लागल्या होत्या, की हेदिस्तेच्या पोराने मंडळीसाठी पाठ दिली. आईने त्याला विचारलं, खरं काय ते सांग. त्याने सांगितलं. रांजण, नळी, सगळं. ती तिथेच जमिनीवर बसली. तिला तेव्हापासून सगळं ठाऊक होतं झोइलोस. तू साक्षीदार म्हणून पुढे बसायचास तेव्हाही, तू बायकांना पाखंडी म्हणालास तेव्हाही.

म्हातारा म्हणाला, उठताना तिने त्याच्याकडे एवढंच मागितलं: "त्याला सांगू नका, मला कळलंय म्हणून."

ताई